मुहूर्त ३० एप्रिलचा, छताला ओल २ एप्रिलची: साताऱ्यातल्या एका घराच्या फिनिशिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्याच्या कडेला, डोंगराकडे सरकत चाललेल्या वस्तीतलं हे घर. प्लॉट अडीच गुंठे, तळमजला आणि वरचा मजला मिळून साधारण १,७०० चौरस फूट बांधकाम. घरमालक नवरा-बायको दोघंही शिक्षक. ओळख लपवायची म्हणून त्यांना इथे सर आणि मॅडम म्हणतो, साइटवरही सगळे तेच म्हणायचे. सोबत सरांचे आई-वडील आणि शाळकरी दोन मुलं. मी या कामावर देखरेखीला असलेला सिव्हिल इंजिनिअर, म्हणजे खाली ज्या चुका येतील त्यातल्या काही माझ्या आहेत.

भूमिपूजन नोव्हेंबर २०२३ मध्ये झालं. २०२४ चा पावसाळा वीटकामात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये आतला गिलावा संपला. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. सांगाड्याचं काम मालकाला दिसतं: स्लॅब पडला, फोटो काढला, पेढे वाटले. फिनिशिंगला असा स्लॅब पडण्याचा दिवस नसतो. फरशीवाला, फिटर, वायरमन, सुतार, सीलिंगवाला, रंगारी अशी सहा माणसं, प्रत्येकाच्या आणखी तीन साइट चालू, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच की ‘आधीच्याचं झालं की मला सांगा.’

फेब्रुवारीत सरांच्या वडिलांनी गुरुजींना विचारून वास्तुशांतीची तारीख धरली: ३० एप्रिल, अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, शाळेच्या परीक्षा संपलेल्या, पाहुण्यांना सुट्टी. तारखेत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पत्रिका छापायला गेल्या. मला विचारलं तेव्हा मी ‘होईल’ म्हणालो. दहा आठवडे हातात होते आणि कागदावर काम आठ आठवड्यांचं होतं. सुकायला लागणारे दिवस मी कागदावर धरलेच नव्हते.

ओल कुठून आली

सगळ्याचं मूळ वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये आहे. म्हणून तिथल्या तारखा जरा बारकाईने देतो.

बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा खाली सोडलेला असतो. त्यात पाइप टाकायचे, विटांच्या तुकड्यांचा कोबा करायचा, कडेने वाटा मारायचा (म्हणजे जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा सिमेंटने गोल करायचा), आणि पाणी भरून ठेवून खाली काही उतरतं का ते बघायचं. १० फेब्रुवारीला कोबा झाला. पाणी २४ तास ठेवलं, खाली कोरडं. खरं तर तीन दिवस ठेवायला हवं होतं, पण फरशीवाला दारात उभा होता.

त्यानंतर सर आणि मॅडम पुण्यात एका दुकानात गेले आणि भिंतीवर टांगायचा कमोड पसंत करून आले. आधीचा कमोड जमिनीवरचा, त्याचा पाइप जमिनीतून. टांगायच्या कमोडचा पाइप भिंतीतून जातो. फिटरने १७ तारखेला कमोडपाशी हातभर कोबा फोडला, बेंड फिरवला, आणि जागा वाळू-सिमेंटने बुजवली. मी त्या दिवशी साइटवर होतो. बुजवलेलं पाहिलं, आणि पाणी परत भरून ठेवा असं म्हणालो नाही. १ मार्चला फरशी आणि भिंतीच्या टाइल पूर्ण झाल्या. वरून बघणाऱ्याला बाथरूम तयार.

३० मार्चला पाडव्याची गुढी नव्या घराच्या गॅलरीत उभी राहिली. त्याच आठवड्यात फिटरने वरचे नळ बसवून चालवून पाहिले, शॉवर खाली बादल्याच्या बादल्या पाणी सोडलं. २ एप्रिलला खालच्या हॉलमध्ये सीलिंगचे चॅनेल मारणारा मुलगा शिडीवरून म्हणाला, ‘साहेब, हितं स्लॅब गार लागतोय.’ बॅटरी मारून पाहिलं. पंख्याच्या खोक्यापासून वीतभर अंतरावर ताटाएवढा डाग, मधे गडद आणि कडेला पिवळट रेघ. हात लावला तर बोटांना ओल. आणखी चार दिवस गेले असते तर त्यावर जिप्समचा बोर्ड बसला असता, आणि हा डाग आम्हाला दिवाळीत दिसला असता.

मिस्त्रींचं मत ठाम होतं. ‘त्येला काय होत न्हाई साहेब, वरचं पाणी बंद करा, आठ दिवसात वाळून जातंय.’ वाळलं असतंच. प्रश्न परत नळ सोडल्यावरचा होता.

गळती शोधणं

आधी पाणी येणारी लाइन तपासली. हाताच्या पंपाने पाइपात दाब भरून ठेवला. काटा रात्रभर जागेवरून हलला नाही. म्हणजे नळाची लाइन सुटली. मग नहाणी ट्रॅपला बूच मारलं, दोन इंच पाणी भरलं आणि दाराजवळच्या टाइलवर पेन्सिलने पाण्याची खूण केली. सरांच्या आईंनी कपड्यांची नीळ आणून दिली, ती पाण्यात मिसळली. नीळ नेहमी खालपर्यंत पोचते असं नाही, पण पोचली तर जागा दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पेन्सिलच्या खुणेखाली करंगळीच्या पेरभर उतरलं होतं. हॉलमधला डाग वाढला होता. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप खाली नेायला सोडलेल्या मोकळ्या जागेत, जिथे कमोडचा पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथे, पाइपाच्या भोवती फिकट निळी कड दिसली. फोडलेला कोबा, आणि पाइपाभोवती राहिलेली फट. फिटरने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

समोर असलेले पर्याय

५ एप्रिलच्या संध्याकाळी हॉलमध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसून बोलणं झालं. सर, मॅडम, वडील, आई आणि मी.

पहिला पर्याय खालून इंजेक्शन देण्याचा. स्लॅबला भोकं पाडून रसायन भरायचं आणि वर टाइलचे सांधे इपॉक्सीने भरायचे. दोन दिवसांचं काम, खर्च साधारण नऊ हजार. सरांना हाच पटत होता. नव्या घरात, जिथे वरून हात घालता येतो, तिथे मला तो पटत नव्हता. जुन्या फ्लॅटमध्ये वरचा शेजारी फरशी फोडू देत नाही तेव्हा खालून इंजेक्शन देतात. इथे पाणी कोब्यात साठतच राहिलं असतं, फक्त खाली दिसलं नसतं.

दुसरा पर्याय, टाइल फोडून कोब्यापासून पुन्हा सगळं करायचं. सुकणं आणि चाचण्या धरून तीन आठवडे. म्हणजे थोडं जरी लांबलं तरी मुहूर्ताच्या दिवशी वर धूळ, राडारोडा आणि उघडा स्लॅब. खर्च चाळीस हजारांच्या पुढे. शिवाय जमिनीच्या टाइलच्या दोन पेट्या शिल्लक होत्या, पण भिंतीच्या खालच्या ओळीला एक पेटी कमी पडत होती आणि दुकानात त्या बॅचचा माल संपला होता.

तिसरा पर्याय वास्तुशांत पुढे ढकलण्याचा. पत्रिका गावागावात पोचल्या होत्या. वडिलांनी एकच वाक्य म्हटलं, ‘ते सोडून बोला.’ मी सोडून बोललो.

बोलणं अडलं होतं ते आजींनी, म्हणजे सरांच्या आईंनी, मोकळं केलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्या वाड्याची वास्तुशांत झाली तवा माडीला दारं बी नव्हती. शांत करायची ती वास्तूची, संडासाची न्हाई.’ सगळे हसले, पण खरा तोडगा त्यातच होता. पूजेची तारीख आणि राहायला जाण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. ३० एप्रिलला पूजा आणि जेवण खाली करायचं, वरच्या बाथरूमची लाइन तोडून कुलूप घालायचं, आणि मे महिन्यात फोडून नीट करायचं.

एक अडचण राहिली. गृहप्रवेश झाल्यावर घर रिकामं, अंधारात ठेवायचं नाही, असं या घरात मानतात. त्यावर वडील म्हणाले, ‘मी झोपतो की तिथं.’ पुढे सात आठवडे ते खरोखरच तिथे झोपले. त्याचा एक फायदा आम्ही मोजला नव्हता: रोज पहाटे पाचला एक चौकस माणूस साइटवर होता. पुढच्या दोन भानगडी त्यांनीच पकडल्या.

गच्ची की रंग

दुसरा निर्णय पैशाचा होता, आणि तो मला आजही पूर्ण बरोबर वाटत नाही.

बँकेचा शेवटचा हप्ता फिनिशिंग बघूनच सुटणार होता. एप्रिलमध्ये हातात जे होतं त्यात दोनपैकी एकच मोठं काम बसत होतं: गच्चीचा कोबा, अंदाजे पंचाण्णव हजार, किंवा बाहेरचा पूर्ण रंग, परांची धरून सव्वा लाखाच्या पुढे. गच्ची मागे पडली होती कारण वाळूचा ढीग आणि माल कालवायची जागा तिथेच होती. सरांना मुहूर्ताआधी बाहेरचा रंग हवा होता, आणि त्यात मी त्यांना दोष देत नाही. दीड वर्ष उघड्या सिमेंटचं घर बघून माणूस कंटाळतो. ‘लोक काय गच्ची बघायला येणार आहेत का साहेब?’ हे त्यांचं म्हणणं.

मी गच्चीचा हट्ट धरला आणि तडजोड अशी ठरली की फक्त रस्त्याकडची बाजू रंगवायची, पस्तीस हजारांत, आणि उरलेले पैसे गच्चीला. उरलेल्या तीन बाजू मे अखेरीस. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, इथे त्याच्या मागेपुढे. वेळ होता.

चूक हप्त्यात किंवा हवामानात नाही, बाजू निवडण्यात आहे. रस्ता पूर्वेला आहे. पाऊस पश्चिमेकडून येतो. रंग लागला पाहुण्यांच्या बाजूला आणि पावसाची बाजू उघडी राहिली.

त्या पश्चिम भिंतीचा आणखी एक इतिहास होता. तिचा बाहेरचा गिलावा ८ मार्चला संपला. १२ तारखेला बिगारी होळीसाठी गावी गेले ते रंगपंचमी करूनच परतले. म्हणजे भर उन्हाळ्याच्या तोंडावर, दुपारनंतर थेट ऊन खाणाऱ्या भिंतीला चारच दिवस पाणी मारलं गेलं. आपल्याकडच्या पोत्यांमध्ये बहुतेक पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंट असतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगितलंय, कोरड्या गरम हवेत चौदा. गिलाव्याची गोष्ट वेगळी असली तरी चार दिवस कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. परतल्यावर पाहिलं तर बीम आणि विटा जिथे मिळतात त्या रेषेवर केसासारखी चीर. तिथे जाळी मारायला सांगितली होती. तीन भिंतींना मारली होती, या भिंतीच्या एका खणात राहून गेली. मी ती चीर भरायला सांगितली आणि विसरलो. बाहेरून कुणी भरली नाही.

आणि तरीही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आतल्या बाजूने त्याच भिंतीला मी पुट्टी लावू दिली. आतला गिलावा तीन महिने जुना, ठणठणीत कोरडा. भिंतीची दुसरी बाजू मी डोळ्यांसमोर आणलीच नाही.

प्रत्यक्ष काय झालं

वास्तुशांत छान झाली. सव्वाशे पानं उठली. वरच्या बाथरूमच्या कुलपाबद्दल दोनच लोकांनी विचारलं.

२ मे रोजी गच्चीचा कोबा सुरू झाला आणि नऊ तारखेला संपला. उतार दोन आउटलेटकडे, पॅरापेटच्या कडेने गोल वाटा, वरून घोटून चौकटीच्या रेघा. दहा तारखेपासून मातीचे बांध घालून पाणी भरलं. ५ मे रोजी बाथरूम फुटलं. कमोडखालचा ठिगळ हाताने उचलून निघाला, खाली ओली वाळू. पाइपाभोवतीची फट आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने भरली, तळाला आणि भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन थर, एक आडवा, एक उभा. पाणी तीन दिवस. वरचा थर टाकल्यावर पुन्हा दोन दिवस. पेन्सिलची खूण दोन्ही वेळा केली, आणि दोन्ही वेळा पाणी खुणेला टेकलेलं होतं. हॉलमधला डाग तोवर नुसती पिवळी रेघ उरला होता.

कमी पडलेल्या पेटीसाठी मॅडमनी तोडगा काढला. खालची ओळ मुद्दाम गडद करड्या टाइलची लावली, पट्टा म्हणून. आता येणारा प्रत्येकजण त्या पट्ट्याचं कौतुक करतो.

मग पाऊस आला. मेच्या मध्यापासूनच वळवाने ठाण मांडलं, आणि त्याच्या पाठोपाठ २४ मे रोजी मान्सून केरळात, दुसऱ्याच दिवशी तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत. परांची बांधायला आलेले रंगारी परांची न बांधताच परत गेले. गच्ची टिकली. एक आउटलेट सिमेंटच्या पाण्याने अर्धं बुजलेलं होतं, ते वडिलांनी पहाटे घोटाभर पाणी साचलेलं बघून तारेने मोकळं केलं. ही पहिली भानगड.

दुसरी पश्चिमेच्या बेडरूममधली. २१ मेच्या सकाळी त्यांनी फोन करून सांगितलं, ‘भिंतीला घामोळं आलंय.’ जाऊन पाहिलं तर बीमखाली आडव्या पट्ट्यात पुट्टीला फोड, बोटाने दाबला की पापुद्रा निघून पांढरी भुकटी. त्याच दिवशी आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइट तोडणारा स्विच, पुन्हा पुन्हा पडायला लागला. वायरमन म्हणाला, ‘सध्या बायपास करून देऊ का? पाऊस थांबला की बघू.’ तीस मिलिअँपिअरचं हे यंत्र माणसाला शॉक बसताना लाइट तोडण्यासाठी असतं, आणि घरात एक म्हातारा माणूस एकटा झोपत होता. या निर्णयाला दहा सेकंदही लागले नाहीत. एकेक सर्किट सोडवत गेलो. बेडरूमच्या त्याच भिंतीतल्या एका खोक्यात पाणी उतरलं होतं. तेवढं सर्किट बंद ठेवलं, बाकीचं घर चालू.

बाहेरून दोन पावसांच्या उघडिपीत चीर खाचून भरली आणि त्या खणावर ताडपत्री सोडली. आतली पुट्टी खरवडून काढली आणि भिंत तशीच उघडी ठेवली. रंगारी वरून प्रायमर मारून देतो म्हणत होता. ओल आत कोंडून रंग मारला की पुढच्या वर्षी पुन्हा तेच, म्हणून नाही म्हटलं. मॅडमना नव्या घरात एक खोली बोडकी ठेवणं जड गेलं, पण त्यांनी ऐकलं.

मुख्य दारही फुगलं. सागवानी दार, पुढून-मागून सुंदर पॉलिश, पण तळाच्या आणि वरच्या कडेला ब्रश लागलेलाच नव्हता. दार टांगल्यावर त्या कडा दिसत नाहीत. लाकूड पाणी पितं ते नेमकं तिथूनच. उतरवून रंधा मारला आणि या वेळी सहाही बाजूंना पॉलिश केलं.

निष्पत्ती

कुटुंब २२ जूनला राहायला आलं, शाळा सुरू होऊन आठवडा झाल्यावर. ठरलं होतं १० मे. वाढलेला खर्च असा: बाथरूमचे सेहेचाळीस हजार, पश्चिम भिंतीचे आत-बाहेर मिळून अठरा हजार, आणि दोन महिन्यांचं भाडं, त्या जोडीला बँकेचं व्याज चालूच. बाथरूमचा निम्मा खर्च फिटरने मजुरीतून सोडला आणि माझ्या देखरेखीच्या शेवटच्या बिलातून मी काही रक्कम कमी केली. ते कुणी मागितलं नव्हतं, पण १७ फेब्रुवारीला मी तिथे उभा होतो.

बोडक्या बेडरूमला दिवाळीनंतर रंग लागला. त्याआधी भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली. पहिल्यांदा दिसले. तीन आठवड्यांनी दिसले नाहीत, मग पुट्टी.

पुन्हा करायचं झालं तर

एप्रिलमध्ये पैसे तेवढेच असते तरी मी पूर्वेचे पस्तीस हजार पश्चिमेला लावा म्हणालो असतो, निदान चीर भरून बाहेरचा प्रायमर तरी. पूर्वेला त्या दिवशी मांडव आणि फुलांच्या माळा होत्याच, मागचं सिमेंट कुणाला दिसलं असतं असं वाटत नाही. सरांशी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, ‘तेव्हा तुम्ही असं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?’ बहुधा नसतं. तरी सांगायला हवं होतं.

बाथरूमच्या बाबतीत मी आता फिटर आणि फरशीवाल्याच्या मधे एक वहीच ठेवतो. कोब्याला, पाइपाला कुणी हात लावला की तारीख, सही, आणि पाण्याची चाचणी नव्याने सुरू. पेन्सिलच्या खुणेचा फोटो मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. कमोड, बेसिन, गिझर यांची निवड कोबा पडायच्या आधी दुकानात जाऊन करायची, नंतर मन बदललं तर त्याचे दिवस आणि पैसे त्याच क्षणी कागदावर दाखवायचे. १७ फेब्रुवारीला ‘कमोड बदला, पण चार दिवस जातील’ असं म्हटलं असतं तर सर आणि मॅडम हसत ‘चालेल’ म्हणाले असते.

एका गोष्टीवर माझं आणि मिस्त्रींचं अजून जुळत नाही. मिस्त्रींच्या मते त्या वर्षीचा पाऊसच उलटा होता, नाहीतर मे अखेरीस सगळं रंगून झालं असतं. ते खोटं नाही, पण माझ्या मते चूक बाजू निवडण्यातच होती. फाटकाचं काम तेवढं अजून बाकी आहे. तिथे सध्या सेंट्रिंगच्या दोन फळ्या बांधल्यात.